भावाचा अर्ज आजच, आई-बाबांचा मात्र विचार करून

अमेरिकेच्या सिटिझनशिपची शपथ झाली की पहिल्या महिन्याभरात बहुतेकजण आई-बाबांचा आय-१३०, म्हणजे नातेवाईकासाठीचा इमिग्रेशन अर्ज, भरायला बसतात आणि भावंडांचं 'बघू निवांत' म्हणून सोडून देतात. करायला हवं ते नेमकं उलटं. आई-बाबांना रांग नाही. त्यांचा अर्ज आज भरा किंवा पाच वर्षांनी भरा, लागणारा वेळ तेवढाच. भावाबहिणीची रांग मात्र अर्ज पोचल्याच्या तारखेवर ठरते आणि ती वीस वर्षांच्या घरातली आहे. तिथे वाया गेलेला प्रत्येक महिना रांगेच्या शेवटी जाऊन बसतो.

आधी पात्रता. आई-वडील असोत की भावंडं, अर्ज करणारा अमेरिकेचा नागरिक हवा आणि त्याचं वय २१ पूर्ण हवं. ग्रीन कार्डवाल्याला यातलं कोणासाठीच काही करता येत नाही. त्याला फक्त नवरा-बायको आणि अविवाहित मुलं आणता येतात. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे याचाच उपयोग होणार आहे.

आई-वडील कायद्याच्या भाषेत 'इमिजिएट रिलेटिव्ह'. त्यांच्यावर वर्षाला अमुक इतकेच व्हिसा असं बंधन नाही. पण या वर्गात एक मेख आहे आणि ती कळायला लोकांना कधीकधी वर्ष जातं: या अर्जात कोणी 'सोबत' येत नाही. वडिलांच्या अर्जात आई बसत नाही, दोघांचे दोन स्वतंत्र आय-१३० भरावे लागतात, दोनदा फी भरून. आणि घरी १७ वर्षांची धाकटी बहीण असेल तर तीही आई-बाबांच्या मागोमाग येत नाही. आई-बाबा ग्रीन कार्ड घेऊन इकडे आणि शेंडेफळ तिकडे मामाकडे, असं होऊन बसतं.

भावंडांच्या वर्गाचं नाव एफ-४. इथे गणित उलटं आहे. भावाचा एकच आय-१३०, त्यात वहिनी आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आपोआप धरली जातात. भाऊ आज अविवाहित असला आणि दहा वर्षांनी लग्न केलं तरी बिघडत नाही, बायको-मुलं नंतर जोडता येतात. सावत्र भावंडंही चालतात, पण नातं जुळवणारं लग्न मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत झालेलं हवं. दत्तक प्रकरण असेल, म्हणजे लहानपणी निपुत्रिक काकांकडे दत्तक गेलेला मुलगा आता जन्मदात्या घरातल्या भावासाठी अर्ज करतोय असं काही, तर थांबा आणि वकील गाठा. दत्तकविधानाने कायद्याच्या नजरेत रक्ताचं नातंही तुटू शकतं.

आता रांग एवढी लांब का, ते आकड्यांत बघू. जगभरच्या एफ-४ साठी वर्षाला ६५,००० व्हिसा. एका देशाच्या वाट्याला त्यातले साधारण ७ टक्के, म्हणजे ४,५५०. आणि हे ४,५५० अर्ज नव्हेत, डोकी आहेत. भाऊ, वहिनी आणि दोन मुलं असं चौकोनी कुटुंब आलं की चार व्हिसा खर्ची पडले. म्हणजे अख्ख्या भारतातून वर्षाला अकराशे-बाराशे कुटुंबं. गुजरात, पंजाब, आंध्र आणि आपण, सगळे मिळून. २०२५ मध्ये व्हिसा बुलेटिनमध्ये भारतासाठीची एफ-४ ची तारीख २००६ सालात रेंगाळत होती. ज्यांनी तेव्हा अर्ज टाकला त्यांचा नंबर आत्ता लागतोय.

हे बुलेटिन अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला काढतं. त्यात दोन तक्ते असतात. 'फायनल अ‍ॅक्शन डेट' म्हणजे व्हिसा हातात पडण्याची तारीख, 'डेट्स फॉर फायलिंग' म्हणजे कागद जमा करायला सुरुवात करण्याची. तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे आय-१३० पोचल्याची आय-७९७ पावतीवरची तारीख, तक्त्यातल्या तारखेच्या आधीची झाली की तुम्ही 'करंट', म्हणजे तुमचा नंबर लागला. तारीख कधी तीन आठवडे सरकते, कधी महिनोन्‌महिने हलत नाही, आणि मागणी वाढली की चक्क मागे जाते. दर महिन्याला बघण्यात काही हशील नाही. वर्षातून एकदा बघा.

पुतण्या-भाचीचं वय हा एफ-४ मधला सगळ्यात दुखरा भाग. अर्ज भरताना पाच वर्षांची असलेली भाची नंबर लागेल तेव्हा पंचवीसची असते. २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टने थोडी सूट दिली आहे: नंबर लागेल त्या दिवशीच्या वयातून आय-१३० मंजुरीला जितका काळ लागला तो वजा करायचा. उत्तर २१ च्या आत आलं आणि मुलगी अविवाहित असली तर ती कुटुंबासोबत येऊ शकते. समजा, मंजुरीला ८ वर्षं लागली आणि नंबर २० वर्षांनी लागला. अर्जाच्या वेळी ८ वर्षांची असलेली भाची तेव्हा २८ ची, वजा ८, म्हणजे २०. वाचली. तिचा दहा वर्षांचा दादा तेव्हा ३० चा, वजा ८, म्हणजे २२. तो बाहेर. ही सूट टिकवायची तर नंबर लागल्यापासून एक वर्षाच्या आत पुढची हालचालही करावी लागते. डीएस-२६०, म्हणजे इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, भरून टाकणं सगळ्यात सुरक्षित.

यातली गंमत बघा. यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, आय-१३० रखडवला की लोक वैतागतात, इन्क्वायरी टाकतात, सिनेटरच्या ऑफिसला पत्रं लिहितात. एफ-४ मध्ये मंजुरी लवकर मिळून तुमचा नंबर एक दिवसही आधी लागत नाही. उलट अर्ज जितका रखडेल तितकं मुलांचं वय कागदावर कमी होतं. तेव्हा गप्प बसा. वय उलटून गेलेल्या मुलांना आई-बापाची जुनी तारीख पुढे वापरता येईल का, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. २०१४ मध्ये निकाल लागला: नाही.

म्हणून जाणकार घरांत एकच दार ठोठावत नाहीत. भावासाठी एफ-४ टाकतातच, शिवाय आई-बाबांमार्फत दुसरी वाट तपासतात. आई ग्रीन कार्ड घेऊन आली की ती तिच्या अविवाहित मुलासाठी अर्ज करू शकते. मूल २१ च्या आतलं असेल तर एफ-२ए, वरचं असेल तर एफ-२बी. २०२५ च्या उत्तरार्धात एफ-२ए दोन-तीन वर्षं मागे होता आणि एफ-२बी सुमारे नऊ. एकोणीस-वीसपेक्षा नऊ केव्हाही बरे. वर सांगितलेल्या १७ वर्षांच्या धाकट्या बहिणीसाठी तर हीच वाट: आईचं ग्रीन कार्ड हातात पडलं की त्याच आठवड्यात आईच्या सहीने आय-१३०.

पण एफ-२बी लग्नाने मरतो. आई ग्रीन कार्डवर असताना मुलाने लग्न केलं की अर्ज त्या दिवशी आपोआप रद्द, आणि ग्रीन कार्डवाल्याला विवाहित मुलासाठी अर्ज करायला वर्गच नाही. नंतर घटस्फोट घेतला तरी मेलेला अर्ज जिवंत होत नाही. आई आधी सिटिझन झाली आणि मग मुलाने लग्न केलं तर अर्ज एफ-३ मध्ये जातो, टिकतो. एफ-३ म्हणजे नागरिकाची विवाहित मुलं, भारतासाठी तो २०२५ मध्ये चौदा वर्षांच्या आसपास मागे होता. तेव्हा मुहूर्त काढण्याआधी, हॉलला आगाऊ रक्कम देण्याआधी, हे बघायचं. साखरपुड्याने काही होत नाही, लग्नाने होतं. आणि 'रजिस्टर नाही केलं, नुसतं वैदिक पद्धतीने केलं' ही पळवाट नाही. सप्तपदी झाली की लग्न झालं, तिथेही आणि इथेही. मुलाखतीत अविवाहित म्हणून सांगितलं आणि लग्नाचे फोटो सापडले तर तो खोटेपणा आयुष्यभर चिकटतो.

विवाहित भावासाठी लोक आणखी एक बेत आखतात: आई पाच वर्षांत सिटिझन होईल, मग ती एफ-३ टाकेल. कागदावर ठीक. पण सिटिझनशिपला इंग्रजीची परीक्षा आहे. वयामुळे मिळणारी सूट वय पन्नाशीपार आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं काढलेली, किंवा वय पंचावन्नपार आणि १५ वर्षं काढलेली असली तरच मिळते. ६५ व्या वर्षी आलेल्या आईला पाच वर्षांनी इंग्रजीत वाचून, लिहून, बोलून दाखवावं लागेल. पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत ते वेगळंच. शिवाय पाच अधिक चौदा म्हणजे एकोणीस. एफ-४ शी बरोबरी झाली. बेत वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर एफ-४ टाळू नका. आईच्या अर्जाला तुमच्या जुन्या अर्जाची तारीखही लागत नाही, कारण अर्जदार बदलला.

तारखांच्या खेळात कोणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे मृत्यू. वीस वर्षं थोडी नसतात. अर्ज करणारा गेला की आय-१३० त्याच्यासोबत संपतो. मानवतेच्या आधारावर तो पुन्हा जिवंत करायची विनंती करता येते, पण अर्ज आधीच मंजूर झालेला हवा, आर्थिक हमी घ्यायला दुसरा जवळचा नातेवाईक उभा हवा, आणि मान्यता देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. यावर स्वस्त विमा आहे. घरातली दोन भावंडं नागरिक असतील तर तिसऱ्यासाठी दोघांनीही स्वतंत्र अर्ज टाकावेत. कायद्याने काही आडकाठी नाही, खर्च फक्त एका जादा फीचा. (आई-वडील गेले तर मात्र एफ-४ ला धक्का लागत नाही. भावंडं ती भावंडंच.)

फीचं एकदाच सांगून टाकतो. एप्रिल २०२४ पासूनचे दर: आय-१३० ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी ६७५. मंजुरीनंतर नॅशनल व्हिसा सेंटर, म्हणजे एनव्हीसी, प्रत्येक व्यक्तीचे ३२५ आणि आर्थिक हमीपत्र तपासायचे प्रत्येक केसचे १२० घेतं. व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्ड छापायचे आणखी २३५. म्हणजे ऑनलाइन भरून भारतातून येणाऱ्या एका पालकाचे १,३०५, दोघांचे २,६१०. मेडिकल, भाषांतरं, मुंबईच्या फेऱ्या वेगळ्या. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून यूएससीआयएस कागदी अर्जासोबत चेक घेत नाही, कार्डाने किंवा थेट बँक खात्यातून भरावे लागतात. चेक जोडलेलं पाकीट जसंच्या तसं परत येतं, आणि एफ-४ मध्ये परत आलेलं पाकीट म्हणजे हुकलेली तारीख.

आता खरं काम. फॉर्म भरणं एका रविवारचं काम आहे. नातं कागदावर सिद्ध करणं हे महिन्यांचं.

आईसाठी: तुमचा जन्मदाखला, त्यावर आईचं नाव, आणि तुमच्या नागरिकत्वाचा पुरावा. वडिलांसाठी याशिवाय त्या दोघांच्या लग्नाचा दाखला. भावासाठी: तुमचा आणि त्याचा, दोन्ही जन्मदाखले, दोन्हींवर तेच आई-वडील. वाचायला सोपं. आता साठ-सत्तर सालातला नगरपालिकेचा जन्माचा उतारा समोर ठेवा. बाळाच्या नावाचा रकाना कोरा, कारण बारसं बाराव्या दिवशी आणि नोंद तिसऱ्या दिवशी. लिंग: पुरुष. वडिलांचं नाव आहे, आडनाव आहे. आईच्या रकान्यात 'सौ. वैशाली'. आईच्या शाळेच्या दाखल्यावर ती 'कुमुद', कारण लग्नात नाव बदललं. तिच्या पासपोर्टवर वैशाली, पुढे नवऱ्याचं नाव. वडील एका कागदावर दत्तात्रय, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर नुसते डी. व्ही. आपल्याला यात काहीच खटकत नाही. नेब्रास्कातल्या टेबलावर बसलेल्या माणसाला यात तीन बायका आणि तीन पुरुष दिसतात.

म्हणून क्रम असा धरा. आधी पासपोर्ट हा पाया माना आणि बाकी सगळे कागद त्याच्याशी जुळवा. कोऱ्या नावाच्या दाखल्यात नाव चढवून घ्या, ग्रामपंचायत असो की महापालिका, ही नेहमीची प्रक्रिया आहे. आईच्या लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं येतील असं बघा, तो एक कागद दहा शपथपत्रांचं काम करतो. विवाहित बहिणीसाठी अर्ज करताना तिच्या लग्नाचा दाखला नेमका याच कारणासाठी लागतो. आई-बाबांच्या लग्नाची नोंद झालेलीच नसेल तर आजही करता येते: दोघांनी हजर राहायचं, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका किंवा तिच्या बदल्यात शपथपत्र. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाचे साक्षीदार शोधताना घरात बऱ्यापैकी हसू होतं, पण काम होतं.

जन्माची नोंदच सापडत नसेल तर निबंधकाकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा. तो नसताना दिलेले बाकीचे पुरावे धरले जात नाहीत. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड (त्यावर सगळं कुटुंब एका पानावर असतं, भावंडांसाठी सोनं) आणि दोन शपथपत्रं. शपथपत्र देणारा तुमच्या जन्मावेळी कळत्या वयाचा असायला हवा, म्हणजे आत्या, मामा, मोठे काका. त्यात त्यांची स्वतःची जन्मतारीख, पत्ता, नातं, तुमच्या जन्माची तारीख आणि ठिकाण, आई-वडिलांची पूर्ण नावं, आणि हे त्यांना कसं ठाऊक, हे सगळं हवं. 'मी सदर इसमास चांगले ओळखतो' या कोर्टाबाहेरच्या टायपिस्टच्या साच्यातल्या मजकुराचा काडीचा उपयोग नाही.

आणि १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना लावून दिलेली जन्मतारीख. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर १ जून, नगरपालिकेच्या वहीत भाद्रपदातली कुठलीतरी तारीख. यातली एक लपवून दुसरी द्यायचा मोह टाळा. पासपोर्टची तारीख फॉर्मवर लिहा, खरी नोंद जोडा, आणि फरक का पडला ते एका पानाच्या खुलाशात सरळ सांगा. हा घोळ तिथले अधिकारी रोज बघतात. लपवाछपवी दिसली तरच ते बिचकतात. तुम्ही स्वतःच्या व्हिसाच्या वेळी आई-बाबांच्या ज्या तारखा भरल्या होत्या त्याही काढून बघा, तो फॉर्म त्यांच्याकडे आहे.

एक वर्षाहून उशिरा नोंदवलेला जन्मदाखला एकटा पाठवू नका. अर्ज भरायच्या दोन महिने आधी काढलेला ताजा दाखला बघितला की पुराव्यांची मागणी हमखास येते. ती आली की उत्तराला साधारण ८४ दिवस मिळतात आणि ते एकाच वेळी, एकाच पाकिटात द्यायचं असतं. गावाकडून कागद यायला तेवढे दिवस पुरत नाहीत. पण मग एफ-४ चा अर्ज कागद जमेपर्यंत थांबवायचा का? नाही. जे हातात आहे ते जोडून अर्ज टाका, तारीख पकडा, आणि मागणी येईपर्यंतच्या काळात बाकीचे गोळा करा. आई-बाबांच्या अर्जात मात्र सगळं जमवूनच टाकावं. तिथे घाई नाही.

मराठी कागदांना पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, शिक्क्यातल्या अक्षरांसकट. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, नाव, सही, पत्ता, तारीख. नोटरी लागत नाही. मराठी येणारा मित्र चालतो, स्वतः करू नका.

पैशांची हमी म्हणजे आय-८६४. घरातल्या माणसांच्या संख्येनुसार अमेरिकी केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं. लोक चुकतात ते डोकी मोजण्यात. तुम्ही, बायको, दोन मुलं आणि येणारे आई-बाबा मिळून सहा. २०२५ च्या आकड्यांनुसार सहाजणांना ५३,९३७ डॉलर (अलास्का आणि हवाई सोडून). आईच्या फॉर्मवर पाच आणि बाबांच्या फॉर्मवर पाच असं न धरता सहाजणांना पुरेल इतकं उत्पन्न दाखवणं सुरक्षित. उत्पन्न कमी पडलं तर घर, शेअर, ठेवी दाखवता येतात, पण आई-वडील आणि भावंडांच्या बाबतीत तुटीच्या पाचपट. दहा हजार कमी पडले तर पन्नास हजारांची मालमत्ता. त्यापेक्षा जॉइंट स्पॉन्सर शोधणं सोपं. तो नातेवाईकच असायला हवा असं नाही. मात्र त्याला नीट समजावून सांगा की ही सही ज्यांच्यासाठी करतोय ते सिटिझन होईपर्यंत, किंवा त्यांची कामाची ४० तिमाही भरेपर्यंत, किंवा ते कायमचे परत जाईपर्यंत, किंवा मरेपर्यंत बांधील राहते. सोबत आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, टॅक्स ट्रान्सक्रिप्ट जोडा, घरच्या रिटर्नच्या झेरॉक्सचा गठ्ठा नको.

आणखी एक अट पुण्या-मुंबईला परतलेल्यांना ऐनवेळी आडवी येते: हमी देणाऱ्याचं वास्तव्य अमेरिकेत हवं. सिटिझनशिप घेऊन बाणेरला फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आय-१३० टाकता येतो, पण आय-८६४ च्या वेळी एकतर इथे बिऱ्हाड असल्याचा, नाहीतर पालकांसोबत किंवा त्यांच्याआधी परत येत असल्याचा ठोस पुरावा द्यावा लागतो.

आई-बाबा आधीच बी-२ या टुरिस्ट व्हिसावर इथे आले असतील तर इथूनच ग्रीन कार्ड करता येतं, आय-१३० आणि आय-४८५ (इथूनच ग्रीन कार्ड मागायचा फॉर्म) एकत्र टाकून. आय-४८५ चे १,४४० डॉलर, आणि डिसेंबर २०२४ पासून मेडिकलचा आय-६९३ सोबतच जोडावा लागतो. निकाल लागेपर्यंत अ‍ॅडव्हान्स परोलशिवाय, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी न घेता, देश सोडला की अर्ज सोडून दिला असं धरतात. नातवाच्या मुंजीला, भाच्याच्या लग्नाला 'आठ दिवस जाऊन येतो' म्हणून गेलेले तिथेच अडकतात. आणि विमानतळावर 'फिरायला आलो' सांगून चौथ्या दिवशी आय-४८५ टाकणं म्हणजे प्रवेशावेळी खोटं बोललात असं म्हणायला संधी देणं. भारतातूनच करणं मला जास्त स्वच्छ वाटतं.

भारतातल्या कौटुंबिक व्हिसाच्या मुलाखती मुंबईत, बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये होतात. त्याआधी पासपोर्ट सेवेकडून पोलीस क्लिअरन्स. भाऊ पूर्वी दुबई-मस्कतला वर्षभराहून जास्त नोकरीला असेल तर तिथलाही, आणि तो भारतात बसून मिळवायला वेळ लागतो. मेडिकल फक्त कॉन्सुलेटच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. वयस्कर आई-बाबांच्या बाबतीत गाडी अडते ती छातीच्या एक्स-रेवर. तरुणपणी होऊन गेलेल्या क्षयाचा जुना डाग दिसला की थुंकीचे तीन नमुने आणि कल्चर, त्यालाच आठ आठवडे. जुन्या उपचाराची फाइल असेल तर सोबत न्या, आणि मेडिकल पार पडेपर्यंत तिकीट काढू नका.

आता शीर्षकातलं 'विचार करून'. ग्रीन कार्ड म्हणजे लांबचा टुरिस्ट व्हिसा नव्हे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की प्रश्न, वर्षाहून जास्त राहिलं की कार्ड धोक्यात. री-एंट्री परमिटने दोन वर्षं मिळतात, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच टाकावा लागतो. कार्ड मिळालं की जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेचा कर: पेन्शन, एफडीचं व्याज, भाड्याचे पैसे. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरणं आलं, आणि आपल्याकडच्या निवृत्त माणसाची एफडी-पीपीएफ मिळून ती जातेच. तिकडे एनआरआय झाल्यावर सातबाऱ्यावर आधीपासून असलेली जमीन राहते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि आरोग्यविमा: ६५ च्या वर असले तरी सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, विकतही मिळत नाही. पाच वर्षांनंतर, इथे कधीच काम न केलेल्या माणसाला त्याचे पार्ट ए (हॉस्पिटल) आणि बी (डॉक्टर) मिळून २०२५ च्या दराने महिन्याला ७०३ डॉलर, प्रत्येकी. ज्या आई-बाबांना उन्हाळ्यात चार महिने नातवंडांत काढून गणपतीला घरी परतायचं आहे, त्यांना दहा वर्षांचा बी-२ पुरतो. आय-१३० टाकला की तोच बी-२ पुढच्या नूतनीकरणाला अवघड होतो, कारण डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्मवर 'तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन केलं आहे का' हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर हो असंच द्यावं लागतं.

हाच प्रश्न भावालाही येतो. पण वीस वर्षांनी लागणाऱ्या नंबरासाठी कोणी आज लपून राहायला चाललंय असं बहुतेक अधिकारी धरत नाहीत, भारतात नोकरी-धंदा नीट असला तर. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसांना तर इमिग्रंट अर्जाची अडचणच नाही. अडचण येते ती 'नाही' लिहिल्याने. भावाला अर्ज टाकल्याचं सांगाच. अमेरिकेतल्या बहिणीने गुपचूप टाकलेल्या अर्जामुळे भाऊ नकळत खोटं लिहून बसतो आणि मग ते निस्तरायला वकील लागतो.

राहता राहिली ती वीस वर्षांची साठवण. आय-७९७ ची पावती आणि मंजुरीचं पत्र स्कॅन करून दोघांकडेही ठेवा. अर्जावर ऑफिसचा ईमेल घालू नका, नोकरी त्याआधी चार वेळा बदलेल. घर बदललं की अर्ज यूएससीआयएसकडे असेल तर तिथे, मंजूर होऊन पुढे गेला असेल तर एनव्हीसीच्या ऑनलाइन फॉर्मवर नवा पत्ता कळवा, तुमचाही आणि भावाचाही. नंबर आल्याची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन पडली आणि वर्षभर कोणी हालचाल केली नाही, तर केस बंद करायची प्रक्रिया सुरू होते. त्या वर्षात दर काही महिन्यांनी सीईएसीवर, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या व्हिसा पोर्टलवर, एकदा लॉगिन करून ठेवा.